रोगकारक यीस्ट पेप्टाइड आत घेते का, हे कसे तपासावे: कॅन्डिडा अल्बिकन्ससाठी एक कार्यपद्धती

कॅन्डिडा अल्बिकन्स हे यीस्ट माणसाच्या तोंडात, आतड्यात आणि योनिमार्गात बहुधा निरुपद्रवीपणे राहते; परंतु प्रतिकारशक्ती खालावली की तेच रक्तात उतरून जिवावर बेतणारा आजार घडवते. या सर्व ठिकाणी त्याच्याभोवती प्रथिनांना तोटा नसतो. ते प्रथिने तोडणारी विकरे स्वतः बाहेर सोडते आणि तयार झालेल्या तुकड्यांपैकी लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, सबंधच्या सबंध पेशीत ओढून घेते. हे आत घेणे प्रयोगशाळेत कसे दाखवावे, कसे मोजावे आणि ते कोणत्या वाहक प्रथिनामार्फत झाले हे कसे ठरवावे, याची कार्यपद्धती पुढे दिली आहे. सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि या विषयात नव्याने उतरणारे संशोधक डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी लागते. माध्यमातले पेप्टाइड कमी झाले, म्हणून ते पेशीत गेले असे होत नाही. ते बाहेरच तुटून त्यातली सुटी अमिनो आम्ले आत गेलेली असू शकतात, ते पेशीभित्तिकेला नुसते चिकटलेले असू शकते, किंवा पेशीपटलालाच इजा करून ते आत झिरपलेले असू शकते. पुढची प्रत्येक पायरी या तीन शक्यता एकेक करून बाद करण्यासाठी आहे, आणि ज्या प्रयोगात त्या बाद होत नाहीत त्या प्रयोगातल्या आकड्यांवर, ते कितीही सुबक दिसले तरी, मी विसंबत नाही.

आधी वाटा ओळखाव्यात

कॅन्डिडा अल्बिकन्समध्ये पेप्टाइडांसाठी वाहकांची दोन वेगवेगळी कुटुंबे आहेत. पीटीआर कुटुंबातली पीटीआर२ आणि पीटीआर२२ ही प्रथिने दोन किंवा तीन अमिनो आम्लांची पेप्टाइडे आत घेतात. ओपीटी कुटुंबातले वाहक त्याहून लांब, चार-पाच अमिनो आम्लांची आणि काही बाबतीत आठपर्यंतची पेप्टाइडे घेतात. या कुटुंबातले पहिले जनुक, ओपीटी१, १९९७ साली याच यीस्टमधून वेगळे करण्यात आले, आणि आता त्याची ओपीटी१ ते ओपीटी८ अशी भावंडे ज्ञात आहेत. दोन्ही कुटुंबे प्रोटॉनच्या जोरावर चालतात: पेशीपटलातला पीएमए१ हा पंप एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलत राहतो, आणि ते प्रोटॉन परत आत येताना पेप्टाइडाला सोबत घेऊन येतात. त्यामुळे बाहेरचा सामू आणि पेशीतील ऊर्जेची स्थिती या दोन गोष्टी मोजमापावर थेट परिणाम करतात.

पीटीआरशी नाते सांगणारे वाहक माणसाच्या आतड्यातही आहेत. ओपीटी कुटुंब मात्र बुरशी, वनस्पती आणि काही जिवाणूंत आढळते, प्राण्यांत आढळत नाही. बुरशीविरोधी औषधांच्या शोधात या कुटुंबाकडे लक्ष वेधले जाते ते त्यामुळेच.

माध्यमाची निवड

या विषयात सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून या भागाला मी अधिक जागा देत आहे.

नेहमीच्या वायपीडी माध्यमात १ टक्का यीस्ट अर्क, २ टक्के पेप्टोन आणि २ टक्के ग्लुकोज असते. पेप्टोन म्हणजे अर्धवट पचलेल्या प्रथिनांचे, अर्थात पेप्टाइडांचे, मिश्रण. या माध्यमात पेप्टाइड-वहनाची चाचणी करणे म्हणजे भरल्या दारातून आणखी एकाला आत जायला सांगणे होय: आपण घातलेले पेप्टाइड शेकडो इतर पेप्टाइडांशी स्पर्धा करते आणि त्याचा मागमूस लागत नाही. मी स्वतः सुरुवातीच्या काळात पेप्टाइडाच्या रूपातल्या एका विषारी संयुगाची चाचणी पेप्टोनयुक्त अगारवर केली, काहीच परिणाम दिसला नाही म्हणून ते संयुग निरुपयोगी ठरवले, आणि काही आठवड्यांनी तेच संयुग किमान माध्यमावर, म्हणजे केवळ अत्यावश्यक पोषकद्रव्ये असलेल्या माध्यमावर, वापरल्यावर संयुगाने भिजवलेल्या चकतीभोवती पेशी न वाढलेले बोटभर रुंद स्वच्छ वलय उमटलेले पाहिले. त्या दिवसापासून माध्यमाची कृती मी वहीत परिणामांच्याही आधी लिहितो.

म्हणून यीस्ट नायट्रोजन बेस (जीवनसत्त्वे व क्षारांचे तयार मिश्रण) घ्यावा, तोही अमिनो आम्ले आणि अमोनियम सल्फेट दोन्ही वगळलेला, आणि त्यात २ टक्के ग्लुकोज मिसळावे. नायट्रोजन कोणत्या रूपात द्यायचा, हे प्रश्नावर अवलंबून ठेवावे. अमोनियम भरपूर असले की पेशी पेप्टाइड-वाहकांची जनुके दबलेली ठेवते, कारण सोपा नायट्रोजन हाताशी असताना हा खटाटोप करण्याचे तिला कारण नसते. या नियंत्रणात जीएलएन३ आणि जीएटी१ ही प्रथिने एसटीपी१ या नियामकाचे जनुक चालू करतात; बाहेरची अमिनो आम्ले पेशीपटलावरच्या संवेदकाने ओळखली की एसटीपी१चा एक तुकडा छाटला जातो, उरलेला भाग केंद्रकात जातो आणि सॅप२ हे प्रथिनभंजक विकर व ओपीटी वाहक यांची जनुके एकत्रच जागी होतात. प्रथिन तोडण्याचे हत्यार आणि तुकडे आत घेण्याची दारे एकाच हुकमाने उघडतात, ही व्यवस्था मला या यीस्टच्या जीवनातील सर्वांत विचारपूर्वक घडलेल्या गोष्टींपैकी एक वाटते.

व्यवहारात याचा अर्थ असा की पीटीआर आणि ओपीटी यांची क्रिया मोजायची असेल तर पेशी आधी निकृष्ट नायट्रोजनस्रोतावर, उदाहरणार्थ प्रोलिनवर, किंवा थेट पेप्टाइडावर वाढवाव्यात. प्रोलिन वापरताना एक धोका ध्यानात ठेवावा: त्याच्या उपस्थितीत कॅन्डिडा अल्बिकन्स तंतुरूप धारण करू शकते, विशेषतः ३७ अंश सेल्सिअसला आणि उदासीन सामूला. तंतू एकमेकांत गुंततात, पेशींचे गोळे होतात आणि गढूळपणावरून काढलेली पेशीसंख्या साफ चुकते. तापमान ३० अंश आणि सामू ५.५ च्या आसपास ठेवावा, आणि प्रत्येक मोजणीपूर्वी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. बहुतेक पेशी गोल-अंडाकृती आणि कळ्या फुटलेल्या दिसल्या तरच पुढे जावे.

माध्यमात बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारे मिश्रण, अवश्य असावा. ग्लुकोज असेपर्यंत पेशी माध्यम आम्लधर्मी करत राहतात, आणि ग्लुकोज संपून त्या अमिनो आम्लांवर जगू लागल्या की अमोनिया बाहेर टाकून सामू वर नेतात. प्रोटॉनच्या जोरावर चालणाऱ्या वाहकाच्या चाचणीत असा सरकता सामू चालत नाही.

पहिली चाचणी: वाढ

सर्वांत सोपी आणि कमी खर्चाची चाचणी वाढीची आहे. वरील माध्यमात एकमेव नायट्रोजनस्रोत म्हणून तपासायचे पेप्टाइड घालावे आणि ६०० नॅनोमीटर तरंगलांबीवर गढूळपणा दोन दिवस मोजत राहावे. पेशी आधी दोन-तीन वेळा निर्जंतुक पाण्याने धुऊन घ्याव्यात. त्यांच्या साठ्यात उरलेला नायट्रोजन एक-दोन पिढ्या पुरतो आणि तेवढी वाढ फसवी असते. त्यासाठी नायट्रोजन अजिबात न घातलेली एक नळी सोबत ठेवावी आणि तिच्यातली वाढ वजा करावी.

अधिक बारकाईचा पर्याय म्हणजे ल्युसिनसारखे एखादे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारा उत्परिवर्तित वाण वापरणे, आणि त्याला ते अमिनो आम्ल केवळ पेप्टाइडातून मिळू देणे. पीटीआरसाठी ॲलानिन-ल्युसिनसारखे द्विपेप्टाइड आणि ओपीटीसाठी लायसिन-ल्युसिन-ल्युसिन-ग्लायसिनसारखे चतुष्पेप्टाइड असे दोन शेजारी ठेवले की दोन्ही वाटा एकाच दिवशी तपासता येतात.

लांब पेप्टाइडांसाठी आणखी एक रचना उपयोगी पडते: नायट्रोजनस्रोत म्हणून केवळ बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातले प्रथिन), सामू ४ च्या आसपास, कारण सॅप२ आम्लधर्मी परिस्थितीत चांगले काम करते. ओपीटी१ ते ओपीटी५ ही पाचही जनुके काढून टाकलेला वाण अशा माध्यमावर वाढत नाही, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसून आले. त्याचा अर्थ महत्त्वाचा आहे: या परिस्थितीत प्रथिनापासून सुटणारी मोकळी अमिनो आम्ले जगण्यास पुरत नाहीत, पेशीला तुकडेच आत घ्यावे लागतात.

वाढीच्या चाचणीची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. वाढ झाली म्हणजे पेप्टाइडातले अमिनो आम्ल पेशीपर्यंत पोहोचले, एवढेच कळते. ते कुठे तुटले हे कळत नाही. त्यासाठी पुढची चाचणी लागते.

दुसरी चाचणी: प्रत्यक्ष प्रवेश

किरणोत्सारी कार्बन किंवा हायड्रोजन असलेले पेप्टाइड वापरून पहिल्या काही मिनिटांतला प्रवेश मोजणे ही पद्धत जुनी आहे, परंतु तिला अजूनही तोड नाही असे माझे मत आहे. प्रतिदीप्त रंग जोडलेली पेप्टाइडे सोयीची असतात, पण रंगाचा रेणू कित्येकदा पेप्टाइडाएवढाच मोठा असतो आणि वाहक त्याला स्वीकारेल याची खात्री नसते. तशी पेप्टाइडे वापरायचीच असतील तर वाहकांची जनुके काढलेला वाण सोबत असल्याशिवाय वापरू नयेत.

वेगाने वाढणाऱ्या अवस्थेतल्या पेशी गोळा करून थंड पाण्याने धुवाव्यात आणि सामू ५.५ च्या सायट्रेट-फॉस्फेट बफरमध्ये २ टक्के ग्लुकोजसह पुन्हा मिसळाव्यात. ३० अंशांवर सुमारे दहा मिनिटे तशाच ठेवाव्यात. या वेळात त्या ग्लुकोज वापरून पटलाच्या दोन्ही बाजूंतील प्रोटॉनचा फरक उभा करतात. ही पायरी गाळली तर पहिल्या मिनिटाचे आकडे विस्कळीत येतात. मग पेप्टाइडाचे द्रावण मिसळून घड्याळ सुरू करावे आणि ठरलेल्या क्षणी थोडा-थोडा भाग ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या फिल्टरवर ओढून घ्यावा.

फिल्टरवरची कृती सराव केल्याशिवाय करू नये. निर्वात पंप चालू असताना नमुना मध्यावर सोडला की दुधी पाणी क्षणात खाली जाते आणि पांढुरका पातळ थर उरतो; तो थर कोरडा पडून तडकण्याआधी बर्फाइतके थंड पाणी कडेने गोल फिरवत ओतावे लागते. पाणी मध्यावर जोरात ओतले तर थर उखडून कडेला सरकतो आणि त्या नमुन्याची मोजणी वाया जाते. एकट्याने करताना अर्ध्या मिनिटाच्या अंतराने नमुने घेणे जड जाते, म्हणून पहिल्या वेळी दोघांनी मिळून करावे: एकाने पिपेट सांभाळावा, दुसऱ्याने धुणे आणि फिल्टर बदलणे.

प्रत्येक मालिकेत शून्य मिनिटाचा नमुना असावा, ज्यात बर्फावरच्या थंड पेशींत पेप्टाइड घालून लगेच गाळले जाते. भित्तिकेला चिकटलेले पेप्टाइड त्या आकड्यात दिसते आणि ते सर्व नमुन्यांतून वजा करता येते. धनप्रभारित पेप्टाइडांच्या बाबतीत हा आकडा बराच मोठा येतो, कारण भित्तिकेच्या बाहेरच्या मॅनन या शर्करा-साखळीमध्ये ऋणप्रभारित फॉस्फेट गट असतात. ज्ञात आकारमानाच्या संवर्धातील पेशी फिल्टरवर वाळवून वजन करावे आणि निष्कर्ष दर मिलिग्रॅम कोरड्या वजनामागे दर मिनिटाला किती नॅनोमोल, असा मांडावा.

वेळ कमी ठेवण्यामागे कारण आहे. आत गेलेले पेप्टाइड पेशीतील पेप्टिडेज विकरे झटपट तोडतात, सुटी अमिनो आम्ले रसधानीत साठतात किंवा प्रथिनांत जातात, आणि काही परत बाहेरही पडतात. पाच मिनिटांनंतरचा आकडा प्रवेशाचा उरत नाही, सगळ्या चयापचयाची ती बेरीज होते.

आता मूळ प्रश्न. पेप्टाइड बाहेरच तुटून ल्युसिन आत जात असेल, तर बाहेर भरपूर बिनकिरणोत्सारी ल्युसिन घातल्यावर मोजलेला प्रवेश कोसळायला हवा. पेप्टाइड सबंध जात असेल, तर ल्युसिनने फारसा फरक पडत नाही, परंतु दुसऱ्या एखाद्या द्विपेप्टाइडाच्या मोठ्या प्रमाणाने तो कोसळतो. हे दोन्ही प्रयोग एकाच दिवशी, एकाच संवर्धावर करावेत. तिसरा सोबती म्हणून डी-अमिनो आम्लांचे (नेहमीच्या एल-रूपाची आरशातली प्रतिमा असलेल्या अमिनो आम्लांचे) पेप्टाइड घ्यावे: हे वाहक एल-रूपाला पसंती देतात, त्यामुळे डी-डी द्विपेप्टाइडाने स्पर्धा होता कामा नये. झाली तर वाहकाऐवजी दुसरेच काहीतरी मोजले जात आहे, असे समजावे.

ऊर्जेची गरज दाखवण्यासाठी सोडियम ॲझाइड किंवा प्रोटॉनचा फरक मोडणारे सीसीसीपी वापरतात. सीसीसीपी अल्कोहोलात किंवा डीएमएसओत विरघळवावे लागते, म्हणून तेवढेच द्रावक घातलेली तुलनेची नळी हवी. ॲझाइड विषारी आहे आणि आम्लधर्मी द्रावणात त्यापासून घातक वायू सुटतो. हे काम धूरकक्षातच करावे आणि उरलेले द्रावण धातूच्या नळीच्या मोरीत ओतू नये. कॅन्डिडा अल्बिकन्स स्वतः दुसऱ्या स्तरावरील जैवसुरक्षेत हाताळायचा जीव आहे, हेही इथेच नोंदवतो.

तिसरी चाचणी: विषारी पेप्टाइडाचे वलय

निसर्गाने ही चाचणी आयती दिली आहे. स्ट्रेप्टोमायसेस जिवाणू पॉलिऑक्सिन आणि निक्कोमायसिन ही संयुगे बनवतात. त्यांची घडण पेप्टाइडासारखी असते आणि ती पेशीभित्तिकेतले कायटिन बनवणाऱ्या विकराला अडवतात. पॉलिऑक्सिनचा शोध १९६० च्या दशकात जपानमध्ये लागला आणि भातावरच्या पर्णकोष करपा रोगासाठी ते शेतीत वापरले गेले. वेगळ्या काढलेल्या विकरावर पॉलिऑक्सिन जोरकस आहे. अखंड कॅन्डिडा पेशीवर मात्र ते दुबळे ठरते, कारण ते आत पुरेसे पोहोचत नाही. निक्कोमायसिन झेड पेप्टाइडांच्या दारातून, मुख्यतः पीटीआर२ आणि पीटीआर२२ मधून, अधिक सहज आत शिरते. पोलंडमधील ग्दान्स्क येथील संशोधकांनी याच वाटेचा उपयोग हेतुपूर्वक केला: एफएमडीपी हे संयुग एकटे पेशीत फारसे शिरत नाही, पण नॉरव्हॅलिनसारख्या अमिनो आम्लाला जोडून त्याचे पेप्टाइड केले की वाहक ते आत नेतात, आतली विकरे जोड तोडतात आणि मोकळे झालेले एफएमडीपी ग्लुकोसामाइन-६-फॉस्फेट तयार करणाऱ्या विकराला निकामी करते.

किमान माध्यमाच्या अगारवर पेशींचा समान थर पसरावा, मधोमध निक्कोमायसिन झेडने भिजवलेली कागदी चकती ठेवावी आणि ३० अंशांवर एक-दोन दिवस उबवावे. अशा तीन पेट्रीबशा कराव्यात: एक साधी, एकीच्या अगारमध्ये ॲलानिन-ॲलानिन, आणि एकीत त्याच्या दुप्पट रेणूसंख्येचे सुटे ॲलानिन, म्हणजे नायट्रोजन दोन्हींत सारखा राहील. द्विपेप्टाइडाच्या बशीत वलय आक्रसले आणि सुट्या ॲलानिनच्या बशीत जवळपास तसेच राहिले, तर संयुग पेप्टाइडांच्या वाटेने आत जाते, असा निष्कर्ष काढता येतो. हा प्रयोग स्वस्त आहे, डोळ्यांनी दिसतो, आणि किरणोत्सारी साहित्याची परवानगी नसलेल्या प्रयोगशाळेतही होतो.

जनुकाचा पुरावा

कोणता वाहक, हे सांगायला जनुक काढावेच लागते. कॅन्डिडा अल्बिकन्स द्विगुणित असल्याने प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती काढाव्या लागतात, आणि दहा वाहक असल्याने एकच काढला तर बहुधा काहीच फरक दिसत नाही. बाकीचे त्याची जागा भरून काढतात. त्यामुळे उलट दिशेने जाणे बरे: सर्व वाहक काढलेल्या वाणात एकेक जनुक परत बसवायचे आणि कोणते पेप्टाइड पुन्हा चालू लागते ते पाहायचे. एकच निवडखूण पुन्हापुन्हा वापरता येईल अशा, नोर्सिओथ्रिसिन या प्रतिजैविकाच्या प्रतिकारावर आधारलेल्या पद्धतीने हे शक्य झाले आहे.

तेच जनुक बेकरच्या यीस्टमध्ये घालून पाहायचे असेल तर आधी त्याचा क्रम तपासावा. कॅन्डिडा अल्बिकन्स सीयूजी या तीन अक्षरी जनुकीय संकेताचा अर्थ बहुतांशी सेरिन असा लावते, बेकरचे यीस्ट ल्युसिन असा लावते. वाहकाच्या मोक्याच्या जागी असा संकेत असेल तर प्रथिन निकामी होऊ शकते. तो बदलून घ्यावा.

पेप्टाइड असूनही वेगळ्या वाटेने जाणारी

लाळेतले हिस्टॅटिन ५ हे २४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड कॅन्डिडाला मारते, आणि त्यासाठी ते पेशीत शिरावे लागते. ते पीटीआर किंवा ओपीटीतून जात नाही. पॉलिअमाइन आत नेणाऱ्या डीयूआर३ आणि डीयूआर३१ या वाहकांमार्फत जाते. हिस्टॅटिनची चाचणी क्षारांचे प्रमाण कमी असलेल्या बफरमध्येच करावी, कारण क्षार वाढले की त्याचा परिणाम ओसरतो. ॲझाइडने प्रवेश थांबला एवढ्यावरून पेप्टाइड-वाहकाचा निष्कर्ष काढू नये, याचे हे ठळक उदाहरण आहे: इथे स्पर्धक म्हणून स्पर्मिडीन हे पॉलिअमाइन वापरावे लागते, द्विपेप्टाइड नव्हे. सोबत प्रोपिडियम आयोडाइड या, अखंड पेशीत न शिरणाऱ्या रंगाने रंगवून पेशीपटल फाटलेले नाही ना, हेही पाहावे. फाटलेल्या पेशी लाल चमकतात.

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या दुसऱ्या रोगकारक यीस्टमध्ये आणखी निराळी गोष्ट दिसते. तिथे क्यूएसपी१ नावाचे ११ अमिनो आम्लांचे पेप्टाइड पेशी स्वतःच बाहेर सोडते आणि ओपीटी१ मार्फत परत आत घेते. ते अन्न नसून एकमेकींना दिलेला संदेश असतो. या यीस्टभोवती शर्करेचे जाड आवरण असल्याने फिल्टर लवकर तुंबतात. नमुने लहान घ्यावेत.

वलयातल्या वसाहती

निक्कोमायसिनच्या बशीत दोन-तीन दिवसांनी स्वच्छ वलयाच्या आत, बहुधा कडेपेक्षा थोड्या आत, टाचणीच्या टोकाएवढ्या एकट्या वसाहती दिसू लागतात. त्या फेकून देऊ नयेत. एकेक वसाहत उचलून औषध नसलेल्या माध्यमावर दोनदा शुद्ध करावी, मग पुन्हा निक्कोमायसिनवर तपासावी, आणि टिकून राहणारी प्रत्येक वसाहत द्विपेप्टाइड हाच नायट्रोजनस्रोत असलेल्या माध्यमावर ठिपक्यांच्या रूपात लावावी. जी तिथे वाढत नाही, तिने दार बंद करून औषध चुकवले आहे. जी वाढते, तिच्यातला बदल कायटिन बनवणाऱ्या विकरात किंवा अन्यत्र शोधावा लागतो. दोन्हींची संख्या वेगवेगळी नोंदवावी, आणि मूळ वाण त्याच बशीवर शेजारी लावावा.